धर्माला प्रश्न विचारला म्हणजे माणसांचा द्वेष केला काय?

बुलढाणा जिल्ह्यात सैलानीबाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तिथे मोठी यात्रा भरते आणि अंगावरून उतरवलेल्या नारळांची होळी पेटते. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातून माणसं येतात. हिंदू, मुसलमान, बौद्ध, सगळीच येतात. बऱ्याच जणांसोबत घरातलं एखादं आजारी माणूस असतं. कुणाची सून रात्ररात्र झोपत नाही, कुणाचा पोरगा एकटाच बडबडतो, कुणाच्या म्हाताऱ्या मायला ‘बाहेरचं’ आहे असं गावातल्या जाणत्याने सांगितलेलं असतं. दवाखान्यात नेलं तर ‘येडी’ म्हणून कायमचं नाव पडेल, पोरीबाळींची लग्नं अडतील, ही भीती असते. दर्ग्यावर नेण्यात ती भीती नसते.

आता समजा कोणी म्हटलं, ‘या पोराला आधी मनोविकाराच्या डॉक्टरकडे न्या. बांधून ठेवल्याने त्याचा आजार जायचा नाही.’ ही टीका नेमकी कोणत्या धर्मावर झाली? दर्गा पीराचा, सण होळीचा, वाहिलेला नारळ देवपूजेतला. आणि द्वेष कोणाचा झाला? बोलणारा तर त्या पोराच्या बाजूने बोलतो आहे. तरीसुद्धा ‘आमच्या श्रद्धेवर घाला घालता काय’ हे वाक्य त्याला ऐकावं लागतं, कधी एका बाजूकडून, कधी दुसऱ्या.

हे नुसतं बोलाचालीवर थांबत नाही. तामिळनाडूत एरवाडी नावाचं गाव आहे. तिथल्या दर्ग्याच्या आधाराने मनोरुग्णांना ठेवून घेणाऱ्या खासगी झोपड्या उभ्या राहिल्या होत्या. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यातल्या एकीला आग लागली. आतली माणसं साखळीने बांधलेली होती, त्यांना पळता आलं नाही. २८ जण गेले. त्या आगीआधी तिथल्या साखळ्यांवर कोणी मोठ्याने बोललं असतं आणि त्याला धर्मद्वेष्टा म्हणून गप्प केलं गेलं असतं, तर ते गप्प करणं कोणाच्या भल्याचं होतं?

म्हणून हा विषय मला गावात बसून बोलण्यासारखा वाटतो. धर्मावर टीका करणं म्हणजे तो धर्म पाळणाऱ्यांचा द्वेष करणं नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण एवढं म्हणून सुटका होत नाही. ‘आम्ही फक्त धर्मावर टीका करतो’ असं म्हणत म्हणत शेजाऱ्याचं जगणं मुश्किल करणारे लोकही आपल्याच गावात आहेत. टीका कुठे संपते आणि द्वेष कुठे सुरू होतो, हे ओळखता आलं पाहिजे.

आधी हे बघू, की या दोन गोष्टी एकमेकींशिवाय राहू शकतात काय.

द्वेषाला धर्मावरच्या टीकेची गरज लागतेच असं नाही. चोखोबांचं उदाहरण घ्या. बुलढाणा जिल्ह्यातलं मेहुणाराजा हे त्यांचं जन्मगाव मानतात. त्यांचा देव कोणता? विठ्ठल. त्यांना देवळाबाहेर ठेवणाऱ्यांचा देव कोणता? तोच विठ्ठल. चोखोबांच्या देवाला कोणी खोटं म्हटलं नव्हतं, त्यांच्या भक्तीत कोणी वैचारिक चूक काढली नव्हती. तरी त्यांची जागा दाराबाहेर होती आणि समाधीही पायरीजवळच झाली. त्यांच्यानंतर सहाशे वर्षांनी, १९४७ साली, साने गुरुजींना उपोषण करावं लागलं तेव्हा कुठे पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना उघडलं. एकच देव, एकच नामस्मरण, एकच वारी, आणि मध्ये शतकानुशतकांचा तिरस्कार. दूरचं बघायचं तर १९९४ चं रवांडा. तिथे हुतू आणि तुत्सी बहुतेक एकाच ख्रिस्ती धर्माचे, भाषाही एक. रेडिओवरून तुत्सींना झुरळं म्हटलं गेलं आणि काही महिन्यांत लाखो माणसं कापली गेली. त्या द्वेषात कुठल्या धर्मग्रंथाची चिकित्सा नव्हती.

आणि टीका द्वेषाशिवाय राहू शकते काय? याचं उत्तर शोधायला आपल्याला विदर्भाबाहेर जायचीही गरज नाही.

गाडगेबाबांचा जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. त्यांच्या समाजात बारशाला मटण आणि दारूचं जेवण द्यायची रीत होती. डेबूजीने, म्हणजे गाडगेबाबांनी, पोरीच्या बारशाला ते दिलं नाही, गोडाचं जेवण केलं. भाऊबंद रागावले. आज हे ऐकताना साधं वाटतं, पण ज्याने गावातली पंगत बघितली आहे त्याला कळेल की पानात काय वाढलं यावरून पिढ्यान्पिढ्यांचं बोलणं बंद होतं. त्या माणसाने पुढची पन्नास वर्षं हेच केलं. कीर्तनाला उभं राहायचं आणि समोरच्याला प्रश्न विचारायचे. नवसाला बोकड कशाला? कर्ज काढून तेरवी कशाला? देव बाजारात विकत मिळतो काय? लोक हसत हसत उत्तर द्यायचे आणि उत्तर देता देता स्वतःच्याच तोंडून स्वतःची चूक ऐकायचे. देवळातल्या देवावर, पुरोहितावर, सोवळ्यावर, यात्रेतल्या उधळपट्टीवर बाबा इतकं कडक बोलत, की तेच बोलणं आज एखाद्या पोराने मोबाइलवर टाकलं तर संध्याकाळपर्यंत ठाण्यात तक्रार जाईल.

आणि याच माणसाने पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिकला धर्मशाळा बांधल्या. कोणासाठी? ज्या यात्रेकरूंच्या भोळेपणावर ते बोलत, त्याच यात्रेकरूंसाठी. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी पुढे बाबासाहेबांच्या शिक्षण संस्थेला देऊन टाकली. वारकऱ्याच्या अंधश्रद्धेवर तुटून पडणारा माणूस त्याच वारकऱ्याला पावसात भिजू देत नव्हता. द्वेष असा नसतो.

इथे एक खुलासा करतो. ज्याने धर्मशाळा बांधली त्यानेच टीका करावी, असं मला म्हणायचं नाही. टीकेचा हक्क सेवा करून कमवावा लागत नाही. एखादा कॉलेजातला पोरगा, ज्याने कोणासाठी काही केलेलं नाही, तोही पोथीतल्या गोष्टीवर प्रश्न विचारू शकतो आणि त्याचा प्रश्न तेवढाच खरा असतो. गाडगेबाबांचं उदाहरण इतकंच दाखवतं, की कडक टीका आणि माया एकाच छातीत मावतात.

दुसरं उदाहरण बाबासाहेबांचं, आणि माझ्या मते या सगळ्या चर्चेत ते सगळ्यात मोलाचं आहे. १९२७ सालची गोष्ट. महाडच्या सत्याग्रहाची तयारी चालली होती. ब्राह्मणेतर चळवळीतल्या केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी पाठिंबा देऊ केला, पण अट घातली की या लढ्यात ब्राह्मणांना घेऊ नये. माणसं कमी, पैसा कमी, विरोध प्रचंड, अशा वेळी आलेला पाठिंबा. बाबासाहेबांनी ती अट नाकारली. आपला झगडा ब्राह्मण माणसांशी नाही, ब्राह्मण्याशी आहे, उच्चनीचतेच्या वृत्तीशी आहे, आणि ती वृत्ती ब्राह्मणेतरांतही असू शकते, अशी त्यांची भूमिका होती. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृतीचं दहन झालं. तो ठराव मांडणाऱ्यांत गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे होते, जन्माने ब्राह्मण.

धर्मग्रंथ जाळण्याहून कडक टीका काय असू शकते? आणि ती करतानाही माणसाला त्याच्या जन्मावरून बाहेर काढायचं नाही, हे पथ्य पाळलं गेलं. त्याच १९२७ मध्ये आपल्या अमरावतीत अंबादेवीचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून सत्याग्रह उभा राहिला. पापळचे पंजाबराव देशमुख त्यात पुढे होते, आणि नोव्हेंबरात अमरावतीला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली. देवळाच्या व्यवस्थेला विरोध करणारे हे लोक देवीच्या भक्तांचे वैरी नव्हते. त्यांना तर भक्तांच्या रांगेत उभं राहायचं होतं.

पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांनी जुना धर्म सोडला. धर्म सोडायचा म्हटलं की तो का सोडला हे सांगावंच लागतं, आणि ते सांगणं म्हणजे टीकाच. बावीस प्रतिज्ञा ऐकून आजही काही जणांना लागतं. ते लागणं मी समजू शकतो. पण बाहेर पडणाऱ्याने आपल्या जखमेबद्दल बोलू नये असं म्हटलं, तर दार उघडं आहे म्हणण्यालाही अर्थ राहत नाही.

मग गडबड कुठे होते?

शहरातले काही मित्र एक युक्तिवाद करतात. धर्म हा विचार आहे, विचारावर टीका होणारच, तो काही कातडीचा रंग नाही. वाक्य बरोबर आहे, पण आपल्या मातीत ते अर्धंच लागू पडतं. इथे माणूस काय मानतो हे विचारण्याच्या आधी त्याचं नाव विचारतात, नावावरून आडनाव, आडनावावरून जात. नागपुरात शिकायला गेलेला एखादा मुसलमान पोरगा नमाज पढत नसेल, देव मानत नसेल, तरी नाव सांगितल्यावर खोली ‘कालच गेली’ असं त्याला ऐकावं लागतं. बौद्ध पोराचंही तेच. त्या घरमालकाने त्याच्या श्रद्धेची चौकशी केलेली नसते.

मला दोन्हींतला फरक ओळखायची खूण इथेच सापडते. टीका करणाऱ्याला समोरचा काय मानतो आणि काय करतो हे माहीत करून घ्यावंच लागतं, नाहीतर टीका करता येत नाही. द्वेष करणाऱ्याला फक्त नाव पुरतं.

जवळून बघू. ‘नवसाला बोकड कापणं बंद करा, त्या जनावराचे हाल होतात आणि गरिबाचे पैसे जातात.’ ही टीका आहे. कोणी हेच बकरी ईदच्या कुर्बानीबद्दल म्हटलं, तीही टीका आहे. पटेल, न पटेल, त्यावर वाद घालता येतो. कुर्बानी देणारा म्हणू शकतो की मटणाचा एक हिस्सा गरिबाला जातो, देवीचा भक्त म्हणू शकतो की पंगतीत सगळं गाव जेवतं, आणि बोलणं पुढे सरकतं. आता तिसरं वाक्य ऐका. ‘ही जातच रक्ताची भुकेली, लहानपणापासून कापाकापी बघतात, यांच्यापासून लांबच राहा.’ यात जनावर कुठे गेलं? हालांचं काय झालं? बोलणाऱ्याला ना बोकडाशी घेणं आहे ना कुर्बानीशी. त्याने एका प्रथेचं बोट धरून सगळ्या मोहल्ल्यावर शिक्का मारला. आणि तोच माणूस देवीपुढच्या बोकडाच्या पंगतीत बसत असेल, तर त्याचं माप कसं आहे हे वेगळं सांगायला नको.

हेच मेळघाटात दिसतं. लेकराचं पोट फुगलं की तापलेल्या विळ्याने पोटावर चटके द्यायचे, त्याला तिकडे डंबा म्हणतात. हे चुकीचं आहे, क्रूर आहे, आणि हे थांबलंच पाहिजे असं कोणीही मोठ्याने म्हणावं. ते म्हणताना कोरकू मायबापांच्या लेकराची काळजी असते. पण ‘हे कोरकू लोक जंगलीच, यांना कितीही सांगा’ असं म्हणणाऱ्याच्या वाक्यात लेकरू नसतं. त्या मायबापाने डंबा का दिला, दवाखाना किती लांब होता, रात्री गाडी मिळाली काय, नर्सताई त्यांच्या भाषेत बोलली काय, यातलं त्याला काहीही जाणून घ्यायचं नसतं. अंधश्रद्धेविरुद्ध बोलतो म्हणून मिरवणाऱ्यांनी हा फरक विशेष जपला पाहिजे, कारण प्रथेचा राग माणसांच्या तिरस्कारात कधी बदलतो ते बोलणाऱ्यालाही कळत नाही.

आणखी एक तपासणी करता येते: ऐकणाऱ्याला काय करायला सांगितलं जातं आहे? गाडगेबाबांचं कीर्तन ऐकून माणूस घरी जाऊन झाडू हातात घ्यायचा, पोराला शाळेत घालायचा. एखादं भाषण ऐकून माणूस आठवडी बाजारात बांगड्या भरणाऱ्या मनियाराकडे पाठ फिरवत असेल, वर्षानुवर्षं आपल्या बायकामाणसांचे हात हळुवार धरून बांगड्या चढवणाऱ्या त्या म्हाताऱ्या चाचाला ‘इथं बसू नका’ म्हणत असेल, तर भाषणाचा विषय धर्मग्रंथ होता की इतिहास, याने काही फरक पडत नाही. चाचाने तो ग्रंथ लिहिला नाही आणि तो इतिहासही घडवला नाही.

पानठेल्यावर हमखास येणारा एक सवाल आहे: ‘तुमी फक्त आमच्याच देवाले बोलता, त्यायच्याले बोलून दाखवा ना भाऊ!’ हा सवाल झटकून टाकू नये. सगळ्यांना एकच माप लावा, ही मागणी रास्त आहे. जो एका धर्मातल्या बायकांच्या दुःखावर रडतो आणि दुसऱ्या धर्मातल्या बायकांच्या दुःखावर गप्प बसतो, त्याला बायकांची काळजी नाही. पण हा सवाल म्हणजे उत्तर नव्हे. माझ्या घरातल्या भिंतीला ओल आली आहे असं कोणी दाखवलं, तर शेजाऱ्याच्या भिंतीकडे बोट दाखवून माझी ओल जात नाही. शिवाय माणूस आपल्या घरातलं आधी बोलतो, कारण ते त्याने बघितलेलं असतं. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. काही दिवसांत राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. हेरवाडच्या लोकांना हिंदूंचा द्वेष आहे असं म्हणायचं काय?

मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंची गोष्ट याहून अवघड आहे. १८ एप्रिल १९६६ ला त्यांनी सात मुस्लिम बायकांना सोबत घेऊन मुंबईत मोर्चा काढला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही मागणी. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. आपल्याच माणसांनी त्यांना धर्माचा शत्रू ठरवलं. दुसऱ्या बाजूला, ज्यांना मुसलमान बाईशी काडीचं देणंघेणं नव्हतं, अशा लोकांनी त्यांची वाक्यं उचलून मुसलमानांनाच मारायला वापरली. एकच वाक्य, दलवाईंच्या तोंडी टीका आणि दुसऱ्याच्या तोंडी द्वेष. हे कसं ओळखायचं? मी बघतो की ते वाक्य सांगणारा त्या सात बायकांच्या बाजूला उभा आहे काय. तलाक दिलेली एखादी बाई पोटगीसाठी तालुक्याच्या कोर्टात खेपा घालते, तेव्हा तो तिच्यासोबत एकदा तरी जाईल काय. जाणार नसेल, तर दलवाईंचं नाव घेण्याआधी त्याने थांबावं. आणि दलवाईंच्या शब्दांचा असा दुरुपयोग होतो म्हणून दलवाईंनी बोलायलाच नको होतं, हेही मला मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तलाक रद्द केला तो २२ ऑगस्ट २०१७ ला. मोर्च्यानंतर एक्कावन्न वर्षांनी. कोणीतरी पहिलं बोललं म्हणून ते झालं.

भावना दुखावल्या, मग कायदा काय म्हणतो?

दुखावणं खरं असतं, हे आधी मान्य करू. एखाद्या म्हातारीने चाळीस वर्षं रोज गजानन महाराजांची पोथी वाचली आहे. नवरा गेला, कापूस बुडाला, पोरगा शहरात गेला, त्या सगळ्यात ती पोथी तिच्या हाताशी होती. तिच्यासमोर कोणी चमत्कारांची टिंगल केली तर तिला ती पोथीची टिंगल वाटत नाही, आपल्या आयुष्याची वाटते. तिला लागलं, यात खोटं काही नाही. पण लागलं म्हणजे द्वेष झालाच असं नाही. डॉक्टरने दारू सोडा म्हटलं तरी लागतं, मास्तरांनी पोराच्या चुका दाखवल्या तरी मायला लागतं. म्हातारीसमोर बोलताना सूर सांभाळावा, ही माणुसकी झाली. तो सूर सांभाळला नाही म्हणून बोलणाऱ्याला कोठडीत टाकावं काय, हा वेगळा प्रश्न आहे.

आपला कायदाही तिथपर्यंत जात नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. या कायद्याची सुरुवातही १९२७ चीच. लाहोरच्या एका प्रकाशकाने पैगंबरांची बदनामी करणारी पुस्तिका काढली होती. दोन समाजांत वैर पसरवण्याविरुद्ध कलम होतं, पण हयात नसलेल्या धर्मपुरुषावरचं लिखाण त्यात बसत नाही म्हणून तिथल्या उच्च न्यायालयाने त्याला सोडलं. मोठा क्षोभ झाला आणि सरकारने दंड संहितेत २९५-अ हे कलम घातलं. पुढे १९२९ मध्ये त्या प्रकाशकाचा खून झाला. या विधेयकावर चर्चा चालली असताना मध्यवर्ती कायदेमंडळात मोहम्मद अली जिनांनी बजावलं होतं, की इतिहासाचा शोध घेणारे आणि धर्मावर प्रामाणिक टीका करणारे यांना संरक्षण राहिलं पाहिजे. म्हणूनच त्या कलमात नुसतं ‘भावना दुखावणं’ नाही. मुद्दाम आणि द्वेषबुद्धीने एखाद्या समाजाच्या धर्मभावनांचा अपमान करणं, असं आहे. १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी हे कलम वैध ठरवलं, पण सांगितलं की धर्माचा कुठलाही आणि कसाही अपमान यात येत नाही, फक्त मुद्दाम, दुष्ट हेतूने केलेला गंभीर प्रकार येतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुनं २९५-अ आता कलम २९९ आहे आणि समाजासमाजांत वैर पसरवण्याचं १५३-अ आता १९६ आहे. दोन्हींत साधारण तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दोन्हींत कोर्टाने दखल घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते, कारण अशा तक्रारी सूडापोटी होऊ शकतात हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं. मात्र अटक त्याआधीही होऊ शकते. गावातल्या पोराचं अर्धं आयुष्य तिथेच बिघडतं. पुढे तो निर्दोष सुटला तरी पोलीस भरतीच्या वेळी तो गुन्हा त्याला आडवा येतो.

द्वेषाचं बोलणं म्हणजे काय, याची नेमकी व्याख्या आपल्या कायद्यात नाही. विधि आयोगाने २०१७ च्या आपल्या २६७ व्या अहवालात हेच नोंदवलं आणि नवी कलमं सुचवली. २०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने तपासण्यासारख्या बाबी मात्र सांगितल्या: कोण बोललं, कुठे बोललं, कोणत्या परिस्थितीत, हेतू काय आणि त्यातून कोणाला इजा होण्याची शक्यता किती. ज्याच्या मागे गर्दी आहे आणि हातात माइक आहे, त्याच्या शब्दाचं वजन वेगळं. आंतरराष्ट्रीय पातळीवरही विचार इकडेच वळला आहे. भारताने १९७९ मध्ये स्वीकारलेल्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारात माणसांविरुद्ध भेदभाव, वैर आणि हिंसेची चिथावणी देणारा धार्मिक द्वेष कायद्याने रोखा असं आहे. पण नुसता धर्माचा अनादर झाला म्हणून बंदी घालणारे कायदे त्या करारात बसत नाहीत, असं या करारावर देखरेख करणाऱ्या मानवी हक्क समितीने २०११ मध्ये स्पष्ट केलं. संरक्षण माणसाला आहे. मताला, ग्रंथाला, प्रथेला वादातून सूट नाही.

महाराष्ट्रात आपण हे प्रत्यक्ष करून बघितलं आहे. जादूटोणाविरोधी कायद्याला वर्षानुवर्षं विरोध झाला. हा कायदा वारी बंद करेल, कीर्तन बंद करेल, सत्यनारायण बंद करेल, अशी हवा गावोगाव पसरवली गेली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात कायदा झाला. त्यात वारी, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन, प्रवचन यांना हात लावलेला नाही, उलट या गोष्टी कायद्यात येत नाहीत असं लिहून ठेवलं आहे. बंदी आहे ती नरबळीवर, भूत उतरवायच्या नावाने मारहाणीवर, चेटकीण ठरवून छळण्यावर. कायद्यात कोणत्याही धर्माचं नाव नाही आणि गुन्हे दाखल झाले ते सगळ्याच धर्मांतल्या भोंदूंवर. श्रद्धा ठेवणारा राहिला, लुबाडणारा धरला गेला.

एक प्रश्न तरी माझ्यापुढे राहतोच. गावात ज्यांची वीसच घरं आहेत, त्यांच्या धर्मावर दोनशे घरवाल्याने बोलावं काय? बोलावं, असं मला वाटतं. टीका करायची नाही असं ठरवलं तर त्या वीस घरांतल्या पोरींना आपण वाऱ्यावर सोडतो, आणि तुमच्याशी वाद घालण्याइतके तुम्ही आमचे नाही, असंही सांगतो. पण वेळ आणि जागा बघून. गावात दगडफेक झाली, त्या वीस घरांतले लोक चार दिवस दुकानं उघडायला घाबरत आहेत, अशा आठवड्यात कोणी चौकात बुरख्यावर व्याख्यान ठेवलं, तर मी त्याला ते पुढे ढकलायला सांगेन. ऐकलं नाही तर विरोधही करेन. सहा महिन्यांनी, वातावरण निवळल्यावर, त्याच मोहल्ल्यातल्या बायकांना बोलावून, त्यांना बोलायला देऊन तेच व्याख्यान ठेवलं, तर पहिल्या रांगेत जाऊन बसेन. फक्त आयोजकांना एक विनंती करेन, की त्या दिवशी आपल्याकडच्या विधवांच्या पुसलेल्या कुंकवाचा विषयही घ्या, आणि तो आधी घ्या.